‘वरचे पैसे’ कुणाच्या खिशातून जातात?



बैठकीत लाचेचा विषय निघाला की सगळ्यांची बोटं सरकारी कचेरीकडे जातात. कुठल्या दाखल्याला किती लागले, हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. पण मी विचारलं की व्यापाऱ्याकडे, कंपनीच्या माणसाकडे, कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्याकडे असं काही होतं का, तर उत्तर ठरलेलं असतं: “ते प्रायव्हेट आहे ना ताई, तिथे कसली लाच? तो त्यांचा धंदा.”

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. पूर्वी आपला गट म्हणजे महिन्याची शंभर रुपये बचत आणि अंतर्गत कर्ज, एवढंच होतं. आता आपले ग्रामसंघ सोयाबीन, तूर गोळा करून विकतात, पापड-मसाला दुकानांना पुरवतात, बियाणं एकत्र खरेदी करतात. म्हणजे आपण बाजारात उतरलोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी माझ्यापेक्षा जास्त बाजार पाहिलाय, तेव्हा मी बाजार शिकवायला बसलेली नाही. मला फक्त एक हिशोब मांडून दाखवायचा आहे.

समजा, एका ग्रामसंघाने ४० जणींचं मिळून १०० क्विंटल सोयाबीन गोळा केलं. एका कंपनीचा खरेदी करणारा माणूस आला. कंपनीने त्याला ४,६०० रुपये भाव सांगून पाठवलंय. तो आपल्याला सांगतो ४,५५०. वर म्हणतो, “माती-काडी आहे, क्विंटलमागे एक किलो कडता धरावा लागेल.” मग अध्यक्षताईंना बाजूला घेऊन हळूच सांगतो, “तुमचे दोन हजार वेगळे. चहापाण्याचे समजा.” पैसे रोख, त्याच्याच हातून.

आता बघा. कंपनीच्या बिलात लिहिलं जातं १०० क्विंटल, ४,६०० भाव, म्हणजे ४,६०,००० रुपये. बायांच्या हातात येतात ९९ क्विंटलचे, ४,५५० भावाने, म्हणजे ४,५०,४५०. मधले ९,५५० रुपये गायब. त्यातले २,००० अध्यक्षताईंना आणि ७,५५० त्या माणसाला. त्याने स्वतःच्या खिशातून एक रुपयाही काढला नाही. अध्यक्षताईंना दिलेले दोन हजारसुद्धा आपल्याच सोयाबीनचे होते.

हे ९,५५० रुपये ४० जणींमध्ये वाटले तर एकीचे साधारण २३९ होतात. म्हणूनच कुणी ओरडत नाही. २३९ रुपयांसाठी कोण भांडणार? भावात पन्नास कमी आले, कडता कापला, असं होतंच, म्हणून प्रत्येक जण घरी जाते. मोठी रक्कम खूप जणींत थोडी थोडी वाटली गेली की चोरी झाल्यासारखी दिसत नाही. आणि ज्या एकीला दोन हजार मिळाले, तिला ते बक्षीस वाटतं. तिचं मन खात नाही, कारण तिने कुणाच्या घरातून काही उचललेलं नसतं.

याची दुसरी बाजू पण आहे. कधी हाच माणूस ओला माल चांगला म्हणून पास करतो आणि त्याचे पैसे आपल्याकडून घेतो. तेव्हा आपल्याला वाटतं, बरं झालं, माल खपला. पण तेव्हा नुकसान कंपनीचं होतं, आणि ते कळलं की पुढच्या हंगामात त्या गावचा मालच नको म्हणतात. ज्या बाईने तीन दिवस सोयाबीन वाळवलं, तिचाही माल मग पडून राहतो.

म्हणून खरेदीदाराशी बोलणी करताना नेहमी दोघी-तिघी बसायच्या. काही जणींना हा उगीचचा अविश्वास वाटतो. उलट आहे. एकटी अध्यक्ष बसली की तिच्यावर गावात संशय येतो, तिने काही घेतलेलं नसलं तरी. तिघी बसल्या तर तिचंच नाव राखलं जातं. भाव ठरला की त्याच दिवशी इतिवृत्त रजिस्टरला लिहायचा. काटापावती प्रत्येकीला. पैसे रोख नाही, ग्रामसंघाच्या खात्यावर. आणि कंपनी असेल तर खरेदीपत्र मागायचं, ज्यावर भाव, ओलाव्याची मर्यादा, कडता काय ते लिहिलेलं असतं. जो माणूस लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याचा भाव कितीही गोड असला तरी दोन दिवस थांबून दुसरीकडे विचारायला हरकत नाही.

काट्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त जातं. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं. व्यापाऱ्याच्या काट्याचं आणि आपल्या ग्रामसंघाच्या काट्याचंही. पडताळणीचं प्रमाणपत्र काट्याजवळ लावलेलं असायला हवं. ते बघायला मागणं म्हणजे भांडण काढणं नव्हे, तो आपला हक्क आहे. माल चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का बघायचं. आपल्याकडे खात्रीचं २० किलोचं वजन असेल तर ते आधी ठेवून बघायचं. ओलावा मोजायच्या मशिनचंही तसंच: आकडा त्याने तोंडी सांगू नये, मशिनवर आपल्याला दिसला पाहिजे.

आता प्रश्न येतो, याला कायद्यात काही म्हणतात का? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे आणि तो मुख्यतः लोकसेवकांसाठी आहे. २०१८ साली त्यात बदल झाला. तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. मात्र कुणी जबरदस्तीने द्यायला लावली असेल आणि सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर सुटका आहे. त्याच बदलाने, कंपनीच्या फायद्यासाठी कुणी लोकसेवकाला लाच दिली तर कंपनीलाही जबाबदार धरता येतं. पण खाजगी माणसाने खाजगी माणसाकडून पैसे खाल्ले, तर त्यासाठी आपल्या देशात अजून वेगळा कायदा नाही. याचा अर्थ मोकळं रान आहे असा मात्र घेऊ नका. फसवणूक आणि विश्वासघात हे गुन्हे आहेतच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विश्वासघातासाठी कलम ३१६ आणि फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. आपला माल, आपले पैसे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले आणि त्याने ते स्वतःसाठी वापरले, तर हीच कलमं लागतात.

आणि एक गोष्ट, जी ऐकून बऱ्याच पदाधिकारी ताई चपापतात. सरकारची आर्थिक मदत घेतलेली नोंदणीकृत सहकारी संस्था शेती, उद्योग, व्यापार किंवा बँकिंगचं काम करत असेल, तर तिचे अध्यक्ष, सचिव, इतर पदाधिकारी हे १९८८ च्या कायद्याने लोकसेवक धरले जातात. म्हणजे आपली संस्था तशी नोंदलेली असेल, तर खरेदीदाराने दिलेले ‘चहापाण्याचे’ दोन हजार घेणाऱ्या ताईंना तोच कायदा लागू शकतो, जो कचेरीतल्या साहेबाला लागतो. आपली नोंदणी कुठल्या कायद्याखाली झाली आहे, हे प्रत्येक पदाधिकाऱ्याला माहीत असायला हवं. लिपिकाताईंकडे प्रमाणपत्र असतं, एकदा काढून वाचा.

फायनान्सच्या कर्जात हा प्रकार वेगळ्या वेषात येतो. गावात एखादी ओळखीची बाई असते, तिला सगळे लीडर म्हणतात. कर्ज हवं तर तिच्याकडे जायचं. कर्ज मिळालं की तिला पाचशे-हजार द्यायचे. कधी फिल्डवाल्या सरांना ‘फाईल लवकर लावायला’ काही द्यायचे. कधी एकीच्या नावावर कर्ज निघतं, पैसे दुसरी वापरते आणि हप्ते थांबले की वसुलीवाले पहिलीच्या दारात. हे सगळं कंपनीच्या कागदावर कुठेच नसतं.

रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं हे विनातारण कर्ज. त्यासाठी काहीही गहाण ठेवायला सांगता येत नाही. घरातली सगळी कर्जं मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नयेत. व्याज, फी, विमा, सगळं एका सोप्या तक्त्यात लिहून द्यावं लागतं, आणि कर्जकार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत असावं लागतं. कर्जाबरोबर दुसरी कुठलीही वस्तू किंवा सेवा गळ्यात मारता येत नाही. आपली संमती लागते आणि तिचे पैसे कार्डावर दिसावे लागतात. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी व्हायची. घरी किंवा कामाच्या ठिकाणी यायचं तर तुम्ही लागोपाठ दोनदा ठरल्या जागी आला नाहीत तरच. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं, हे तर चालणारच नाही.

या यादीत लीडरचे पाचशे कुठे आहेत? कुठेच नाहीत. जे तक्त्यात नाही ते द्यायचं नाही, इतकी सोपी कसोटी आहे. मागितलेच तर म्हणायचं, “पावती द्या, देते.” पावती मागितली की बरेच जण विषय बदलतात. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची, तिची पोच ठेवायची. कंपनीचा तक्रार नंबर कर्जकार्डावर असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे कसं जायचं याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते. आणि दुसरीसाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढू नका, सख्खी बहीण असली तरी. कागदावर सही तुमची असते.

माल पुरवणाऱ्या गटांना आणखी एक अनुभव येतो. माल गेला, दुकानात लागला, विकला गेला, आणि बिल अडकलं. हिशोब बघणारा कर्मचारी म्हणतो, “काहीतरी बघा, म्हणजे बिल पुढे सरकवतो.” आपलेच पैसे मिळवायला आपणच पैसे द्यायचे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार काहीही असो. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती मोफत आहे. होय, मोफत. काही ठिकाणी त्यासाठी हजार-दोन हजार घेतले जातात. ते घेणाऱ्याची मेहनत असेल, सरकारी फी नाही. तो फॉर्म आमच्या सीआरपी ताई भरून देतात.

मोठ्या कंपनीच्या माणसाने पैसे मागितले, तर ते त्याच्या मालकाला माहीत असतंच असं नाही. बऱ्याचदा नसतंच. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने आतल्या गैरप्रकाराची तक्रार घ्यायची सोय ठेवावी लागते. ती मुळात त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, पण अनेक कंपन्या माल देणाऱ्यांकडूनही तक्रार घेतात. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर तारीख, रक्कम, कोण काय म्हणालं हे साध्या मराठीत लिहून पाठवायचं. एकट्या बाईचं पत्र बाजूला पडू शकतं, पण ठराव जोडलेलं ग्रामसंघाचं पत्र सहज बाजूला पडत नाही.

इथवर सगळं बाहेरच्यांचं झालं. आता घरचं. हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणींना मी काकू, मावशी म्हणते.

ग्रामसंघाला माल न्यायला टेम्पो लागतो. गावात टेम्पो आहे अध्यक्षताईंच्या मिस्टरांचा. मग दुसरा कुणाचा बघायचाच कशाला? यात लाच नाही, चोरी नाही, कदाचित त्यांचा दर खरंच कमी असेल. तरी गावात कुजबुज सुरू होते, आणि पुढच्या निवडणुकीत तोच विषय होतो. घरच्यांना काम देऊ नका असं माझं म्हणणं नाही. खेड्यात सगळेच कुणाचे ना कुणाचे नातलग असतात, असा नियम केला तर कामच थांबेल. पण नातं आधी उघड सांगायचं, इतिवृत्तात लिहायचं. दोन-तीन ठिकाणचे दर विचारून समोर ठेवायचे. आणि ठराव होताना त्या ताईंनी मत द्यायचं नाही, पाच मिनिटं बाहेर बसायचं. मग टेम्पो मिस्टरांचाच ठरला तरी कुणाला बोलायला जागा उरत नाही. हेच खताच्या दुकानाचं, मंडपाचं, प्रशिक्षणाच्या जेवणाच्या ऑर्डरचं.

दिवाळीची भेट घ्यायची का, असंही विचारतात. मिठाईचा डबा बैठकीत फोडून सगळ्यांनी खाल्ला तर ती भेट. साडी एकीच्या घरी पोचली आणि बाकीच्यांना महिनाभराने कळलं, तर ते दुसरं काहीतरी आहे.

आपल्या पाकिटाचंही बघा. प्रदर्शनाला माल कमी पडला म्हणून बाजारातून घाऊक पापड आणायचे आणि गटाच्या पाकिटात भरायचे, हे होतं. गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते घरच्या हातच्या चवीसाठी, आणि त्यासाठी दहा रुपये जास्त मोजतं. तिथे फसवलं तर व्यापाऱ्याच्या कडत्याबद्दल बोलायला आपल्याला तोंड राहत नाही. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सगळ्या करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा. आणि २०० ग्रॅम लिहिलं तर आत २०० ग्रॅम हवं, पिशवीचं वजन सोडून.

शेवटी लेखे. पंचसूत्रीतलं हे पाचवं सूत्र सगळ्यात कंटाळवाणं, मला माहीत आहे. पण एक मोठं उदाहरण सांगते. हैदराबादची सत्यम ही संगणक क्षेत्रातली नावाजलेली कंपनी. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की हिशोबात दाखवलेली ५,००० कोटींहून जास्त रोख आणि बँक शिल्लक मुळात नाहीच. मोठे ऑडिटर, शिकलेले संचालक, सगळे होते. पुस्तकात आकडे व्यवस्थित होते. बँकेत मात्र पैसे नव्हते, आणि हे बँकेकडून थेट, नीट कुणी ताडून बघितलं नव्हतं. २०१५ साली न्यायालयाने अध्यक्ष आणि इतरांना शिक्षा सुनावली.

आपल्या ग्रामसंघात कोटी नाहीत, पण ताळा तोच आहे. रोकडवहीतली शिल्लक एका बाजूला, पासबुकातली दुसऱ्या बाजूला. पासबुक छापून आणायला दर महिन्याला वेगळी बाई जाऊ द्या, नेहमी सचिवच नको. आणि छापून आणलेलं बैठकीत मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या मावशींना आकडा ऐकून लक्षात राहतो, माझा अनुभव आहे की तो आपल्यापेक्षा जास्त पक्का राहतो.

पुढच्या प्रभागसंघाच्या सभेत काटा तपासणी आणि खरेदी समितीचे नियम हे दोन विषय घेतले आहेत. येताना प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या काट्याच्या मुद्रांकन प्रमाणपत्राची झेरॉक्स आणावी. प्रमाणपत्र सापडत नसेल तर काट्यावरचा नंबर आणि घेतल्याचं बिल आणलं तरी चालेल, सगळ्यांची पडताळणी एकाच दिवशी करून घेण्यासाठी अर्ज देता येईल. ज्यांच्याकडे फायनान्सचं कर्ज चालू आहे त्यांनी कर्जकार्डही बरोबर ठेवावं, सभेनंतर थांबून आपण ते एकत्र वाचू.